लवूचं विलायतेतलं गाऱ्हाणं

माझा भाऊ लवू विलायतेला जाऊन आला, हे लालबागेत सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे जाऊन त्यानं काय दिवे लावले ते मला कोणी विचारू नये. पण तुम्ही विचारलंत ना? मग आता ऐका, आणि मधे बोलू नका. त्याची गोष्ट निघाली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

मी रखमा, त्याची थोरली बहीण. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ झालं नाही. मग चाळीतल्या दोन खोल्यांत खानावळ काढली. बायकापोरं कोकणात ठेवून गिरणीत राबणारे आमच्याकडचे बाप्ये माझ्याकडे जेवायचे. लवू आणि धाकटा शिवा, दोघा भावांना मीच गावाहून आणलं, मीच वाढवलं, आणि मीच साचेखात्यात चिकटवलं. साचा म्हणजे कापड विणायचा माग. शिवा तोंडाचा तिखट, कोणाचं ऐकून घ्यायचा नाही. आणि लवू? लवूला राग म्हणजे काय हे देवानं शिकवलंच नव्हतं. कोणी पायावर पाय दिला तर हाच म्हणायचा, माझाच पाय मधे आला. अशा माणसाबरोबर राहणाऱ्याला दोघांचा राग एकट्यानं करावा लागतो. तो मी जन्मभर केला.

पंचावन्न साली मिलनं नवे साचे घ्यायचं ठरवलं. आपोआप चालणारे. जुन्यावर एक माणूस दोन साचे बघायचा, नव्यावर सहा बघणार. ते शिकायला एक माणूस विलायतेला पाठवायचा होता. साचेखात्याचा छोटा साहेब रघुवीरराव आमच्या शेजारच्या गावचा. त्यानं लवूचं नाव दिलं. म्हणाला, हात चांगला आहे आणि तोंड बंद आहे. शिकून आला की जॉबर करू, जॉबर म्हणजे साच्यांवरचा मुकादम. चाळीत आनंदीआनंद झाला, मीसुद्धा शिरा केला. माझ्याकडे जेवणारा अप्पा, जुना साचेवाला, तो मात्र शिरा खाता खाता म्हणाला, रखमाबाय, एक माणूस सहा साचे बघणार म्हणजे दोघे घरी जाणार. मी म्हटलं, अप्पा, गप खा.

दसरा झाल्यावर लवू बोटीनं गेला. तिकडे लँकेशायर म्हणून मुलूख आहे, सगळा गिरण्यांचा. एका म्हाताऱ्या विधवा बाईकडे त्याला राहायला खोली मिळाली. बाई चांगली. तिचा एकुलता मुलगा लढाईत गेला होता. गावाबाहेर एक लहानसं रान होतं, तिथे तो लहानपणी खेळायचा, म्हणून ही दर रविवारी तिकडे जाऊन बसायची. रविवारी गिरणी बंद. लवूला तिथे कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. म्हातारी त्याला सोबत घेऊन जायला लागली.

आता इथे ह्या शहाण्यानं पहिला घोळ घातला. त्यानं मला नंतर सगळं सांगितलं, रंगवून नाही, त्याला रंगवता येत नाही. म्हणाला, आक्का, सगळीकडे नुसती उघडी कुरणं. मेंढ्या आणि दगडावर दगड रचलेले गडगे. झाड औषधाला नाही. आणि मधेच एका खोलग्यात ते रान. लहानसं, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसेल एवढं. भोवती गडगा, आत जुनी जाड झाडं, एकाला कोयत्याचा घाव नाही. खाली पाचोळा घोट्यापर्यंत, कोणी गोळा केलेला नाही. मधून बारीकसा व्हाळ वाहतोय. झाडाच्या बुंध्याला हिरवं शेवाळ, आणि आवाज म्हणाल तर फक्त कावळ्यांचा.

तुम्ही कोकणातले असाल तर तुम्हाला कळलं असेल. आमच्याकडे असं रान फक्त देवाचं असतं. बाकीचा डोंगर तोडून बोडका झाला तरी देवराईतली काटकी कोणी उचलत नाही. लवूनं मनाशी ठरवून टाकलं, ही ह्या लोकांची देवराई. गडग्यापाशी बसला आणि बूट काढले, मोजे काढले. तिकडची थंडी! म्हातारी ओरडायला लागली, मरशील म्हणून. हा हात जोडून अनवाणी आत गेला. ती बिचारी काय समजली देव जाणे, पण पुढच्या रविवारपासून ती ओरडली नाही, गडग्यावर स्वतःहून घोंगडीचा तुकडा आणून ठेवायची, आल्यावर पाय पुसायला.

इथपर्यंत मला हसू येतं. पुढे नाही येत.

जानेवारीत रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. अरे, आमच्या बापजाद्यांनी कातडी झिजवून ह्या गिरण्या चालवल्या, आणि मुंबई आमची नाही? लालबाग-परळ सगळं रस्त्यावर आलं. शिवा घरात थांबेल कसा? मी दाराला आडवी झाले, तर मला उचलून बाजूला ठेवून गेला. दुपारी त्याला चौघांनी फळीवरून परळच्या हॉस्पिटलात नेलं. उजव्या खांद्यात पोलिसांची गोळी. हात काढावा लागला, खांद्यापासून. चार दिवस तो ह्या जगात होता की त्या, सांगता येत नव्हतं. वय काय त्याचं? मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती.

मी रघुवीररावाच्या दारात गेले. म्हटलं, लवूला बोलावून घ्या, भावाला भाऊ दिसू दे. तो पाटावर बसून जेवत होता. जेवता जेवता म्हणाला, करार झालाय, मधे आला तर मिल तिकीट देणार नाही, आणि येऊन करणार काय, तो डॉक्टर आहे का? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरातलं पाणीसुद्धा प्यायले नाही. चाळीतल्या मास्तरांकडून तार लिहून घेतली आणि पाठवली: शिवाला गोळी लागली, हात गेला, जिवाची खात्री नाही.

तार मिळाली त्या रविवारी लवू त्या रानात गेला. दर रविवारी थोडी थोडी पानं गळत गेली होती, आता झाडांवर एक पान नव्हतं. तिकडे थंडीत झाडं अशीच होतात, पण ह्याला कोण सांगणार? ह्याला वाटलं, रान मेलं. देव उठून गेला. तरी बूट काढले, बर्फ होता तरी. म्हातारीनं दुपारच्या खाण्यासाठी दिलेला पाव एका मोठ्या झाडाच्या मुळाशी ठेवला, नारळ कुठून आणणार? आणि गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं म्हणजे नुसता नमस्कार नव्हे. आमच्याकडे देवाला मोठ्यानं, चारचौघांच्या देखत सगळं सांगायचं. काय झालं, काय पाहिजे, आणि दिलंस तर मी काय करीन. एकेका वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते म्हटलं की शब्द पक्का झाला, मग माघार नाही. आणि इथे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोण? लवूनं म्हातारीला हातवारे करून सांगितलं, भाऊ, बंदूक, हात. तिला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला शिकवलं. आणि ती थंडीत उभी राहून म्हणाली हो. मुलगा गमावलेली बाई ती, तिला नसेल कळलं तर कोणाला कळणार?

“बा म्हाराजा, तुझा नाव माका ठावक नाय. माझो धाकटो भाव मुंबयत मरणाच्या दारात आसा. तेका राख. तू तेका राखलंस तर मी परत जावन कोणाच्या भाकरीर पाय देवचंय नाय.”

व्हय म्हाराजा, म्हातारी म्हणाली.

बघा म्हणजे. भाऊ मरतोय, आणि हा बदल्यात स्वतःचं जॉबरपणच देऊन टाकतो. तिथे राहून त्याला कळलं होतं, अप्पाचा हिशोब खरा आहे. सहा साच्यांचं शिक्षण घ्यायचं म्हणजे आपल्याच माणसांना घरी बसवायचं शिक्षण घ्यायचं. ते त्याच्या मनात डाचत होतं, आणि देवापुढे तोंडातून निघालं. शिवा जगला. मी दुसरी तार केली.

एप्रिल सरता सरता, मधल्या वारी सुट्टी मिळाली तेव्हा लवू म्हातारीबरोबर परत त्या रानात गेला, देव पावला म्हणून सफरचंदं घेऊन. बघतो तर झाडं पानांनी भरलेली, आणि खाली जमीन दिसत नाही, सगळी निळी फुलं. हा तिथेच रडत बसला. तेवढ्यात बंदूक खांद्याला लावलेला एक माणूस आला आणि त्यानं दोघांना हाकललं. म्हातारी त्याच्याशी भांडली म्हणे. रान देवाबिवाचं नव्हतंच. एका मोठ्या जमीनदाराचं. त्याचे पाहुणे येऊन तिथे पाखरं मारायचे, म्हणून झाडं राखली होती. म्हातारीला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो माणूस रविवारी कधी त्या बाजूला फिरकायचा नाही, म्हणून ती बिनधास्त जायची, आणि लवूचं समाधान मोडू नये म्हणून बोलली नव्हती.

पावसाच्या तोंडावर लवू परत आला. अंगात कोट. चाळीत एक माणूस त्याच्याशी बोलेना. सगळ्यांना कळलं होतं, नव्या साच्यांच्या पेट्या गोदीत आल्यात आणि लवू ते चालू करणार. एका दुपारी माझ्या खानावळीत पंगत बसली होती. लवू वाढायला आला तसा अप्पानं हात आखडला, ताट पुढे सरकवलं आणि उठला. त्याच्यामागे सगळे उठले. वाढलेला भात तसाच. माझ्या डोळ्यांदेखत! अन्नावरून उठतात मेले. तुमच्या बायका बाळंत झाल्या तेव्हा निरोप कोणी धाडले, तापात पेज कोणी पाजली? मी जिन्यापर्यंत त्यांच्यामागे ओरडत गेले. लवू मात्र मागे बसून ताटांतला भात गोळा करत होता. म्हटलं, अरे सांग त्यांना काहीतरी. तर म्हणतो, त्यांची काय चूक आहे? मी ताट आपटलं.

मग रघुवीरराव आला. गोड बोलला. कामगारांनी नव्या साच्यांविरुद्ध तक्रार केली होती, सरकारी साहेबापुढे सुनावणी होती. लवूनं एवढंच सांगायचं होतं की एक माणूस सहा साचे आरामात बघतो, मी डोळ्यांनी बघून आलोय. सांगितलं की जॉबर. आणि एक हाताच्या शिवाला गेटवर कायमची नोकरी, बसून पगार. नाही सांगितलं तर दोघांनाही दार बंद.

शिवा तेव्हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. त्याला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती आणि मी लावायला गेले तर हात झटकायचा. कोणाशी बोलायचा नाही, जेवायचा नाही. नोकरी हाच त्याचा जीव होता. मी लवूला म्हटलं, सांगून टाक. खरंच आहे ना ते? विलायतेत बघतात ना सहा?

तेव्हा त्यानं मला ते रान सांगितलं. गाऱ्हाणं, म्हातारी, बंदूकवाला, सगळं. मी ऐकून घेतलं आणि माझा तोल गेला. म्हटलं, म्हणजे पाखरं मारायच्या रानात, गोऱ्या म्हातारीला साक्षी ठेवून, नसलेल्या देवाला शब्द दिलास, आणि त्याच्यासाठी ह्या पोराच्या तोंडचा घास काढणार? शिवा डॉक्टरांनी वाचवला! मी रात्रंदिवस बसले उशाशी! तुझा देव कुठे होता तेव्हा? रानच देवाचं नाही तर गाऱ्हाणं कसलं?

लवूनं मान वर केली नाही. “रान देवाचां नसांदे, आक्का. शब्द माझो आसा.”

मी त्याला नाही नाही ते बोलले. मेलेल्या आईबापांची नावं घेतली. भिंतीकडे तोंड केलेला शिवा सगळं ऐकत होता.  मला तर त्याचाही राग आला. बोल ना रे, म्हटलं, तुझीच नोकरी जातेय.

सुनावणीला अप्पा हजर होता, त्यानं सांगितलं ते असं. साहेबानं लवूला विचारलं, विलायतेत एक माणूस सहा साचे बघतो का? लवू म्हणाला, बघतो. इथले बघतील का? लवू म्हणाला, शिकवलं तर बघतील. रघुवीरराव हसायला लागला. मग साहेब म्हणाला, तू शिकवशील ना? तर हा म्हणाला, नाही. का नाही? दोघांची भाकरी जाते, मी तसा शब्द दिलाय. कोणाला दिलास? ह्या वेड्यानं सगळं खरं सांगितलं, एका रानाला म्हणून. सरकारी साहेब हसला, मालकाचा वकील हसला. अप्पा म्हणाला, रखमाबाय, आमच्यातला कोणी हसला नाही.

लवूला त्याच दिवशी काढलं. शिकवणारा नाही म्हणून पेट्या फोडायचं लांबलं. दुसरा माणूस आणायला गेले तर कामगारांनी संपाची नोटीस लावली. मग मिलनं तो विषय बाजूला ठेवला, आणि पेट्या गोदामात राहिल्या. अप्पा आणि बाकीचे माझ्याकडे परत जेवायला आले, माना खाली घालून. मी प्रत्येकाला आपापलं ताट घासायला लावलं, महिनाभर. म्हटलं, भात टाकून उठलात ना, आता घासा.

लवू मोरीत बसून बांगडे साफ करायला लागला. ज्याचा साच्यावरचा हात बघायला दुसऱ्या खात्याचे लोक यायचे, तो खवले काढतोय. मिलच्या गेटवर डबे पोचवतोय. त्या गेटवर, जिथे शिवा बसायला हवा होता. आणि लोक मला सांगायचे, रखमाबाय, तुझा भाऊ देवमाणूस. देवमाणूस माझ्या घरात नको होता मला. शिवाला नोकरी हवी होती. हे मी त्यांना तोंडावर सांगायचे.

एक गोष्ट मात्र सांगते. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी शिवा उठला. मोरीत लवूच्या शेजारी जाऊन बसला आणि डाव्या हातानं बांगडे धुवायला लागला.  त्या दिवसापासून तो कोपऱ्यात परत गेला नाही.

मग साठ साल आलं, आणि एक मे. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. सकाळी सकाळी चाळीच्या गॅलरीत पताका, दारात रांगोळ्या, ढोल. मी आदल्या दिवशीच शिवाचा नवा सदरा शिवून आणला होता, लांब हाताचा. शिवा तेव्हा डब्यांचं काम बघायचा. सगळे गॅलरीत उभे होते, तेवढ्यात जिन्यावरून रघुवीरराव वर आला. आता तो वीव्हिंग मास्तर, सगळ्या साचेखात्याचा मुख्य. डोक्याला फेटा, छातीला बिल्ला, मागे दोन माणसं, हातात पेढ्यांचं ताट. छप्पन्नच्या जानेवारीत आम्ही हॉस्पिटलाच्या दारात बसलो होतो तेव्हा हा पाटावर जेवत होता. आज बिल्ला लावून आला मेला.

चाळीला ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलला. म्हणाला, आता आपलं राज्य आलं. झालं गेलं गंगेला मिळालं. लवू, साच्यांच्या पेट्या अजून तशाच आहेत. आता आपलेच लोक, आपलंच सरकार, आता तुझी हरकत नसावी. उद्यापासून ये. आणि शिवाला गेटवर घेतो, माझा शब्द.

मी लवूकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, आता घे रे. चार वर्षं झाली. कोणता देव विचारायला येतोय? अप्पासुद्धा खाली बघत होता.

लवू म्हणाला, नाही. एवढंच.

रघुवीरराव काही तिथे थांबला नाही. लोक बघत होते ना! हसून पुढे झाला, सगळ्यांना पेढे वाटायला लागला. बोलणं एकीकडे, हात एकीकडे, नजर खालच्या ढोलांकडे. शिवापुढे ताट आलं. शिवानं डावा हात पुढे केला.

“अरे, डाव्या हातानं? आजच्या दिवशी?” रघुवीरराव ढोलांकडे बघतच म्हणाला. “उजवा कर पुढे.”

चार वर्षांत दोनदा ह्या माणसानं त्या हाताचा सौदा केला होता. एकदाही वळून बघितलं नव्हतं त्याच्याकडे. मी चप्पल काढायला वाकले. पण त्याच्या आधी लवू मधे आला. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माझा भाऊ. त्यानं रघुवीररावाचं मनगट धरलं, असं की ताट थरथरायला लागलं, आणि इतक्या जोरात बोलला की खाली ढोल वाजवणारे थांबले.

“तेना उजवो आधीच दिल्यान, रघुवीरराव. तुमच्या ह्या राज्याक.”

रघुवीररावानं तेव्हा बघितलं. सदऱ्याची रिकामी बाही वाऱ्यानं हलत होती.  त्याची दोन माणसं त्याला धरून जिन्याकडे घेऊन गेली. कोणी त्याला अडवलं नाही. शिवाचा डावा हात अजून पुढेच होता.